बोलावायचे नाही, आलेल्याला आत न्यायचे

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००१
सकाळी ८.२०. आमची उपासना होते त्या विलाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. पांढरा शर्ट, दाजींचा जुना टाय. पाहुणे अजून कुणी नाहीत.

आजपासून मी मिशनरी. आमच्या नव्या चर्चच्या अध्यक्षसाहेबांनी (अमेरिकन, पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनियर) बाजूला घेऊन नियम सांगितला. मी दोनदा विचारून पक्का केला. या अरब देशात आपल्याला राहू दिले आहे, प्रार्थना करू दिली आहे, त्याचा मान ठेवायचा. कुणाला बोलावायचे नाही. कागद वाटायचे नाहीत. धर्माचा विषय आपणहून काढायचा नाही. आपल्या पायांनी जो येईल त्याला आत न्यायचे, शेजारी बसायचे, विचारेल तेवढेच सांगायचे.

म्हणजे मिशनरी, पण गेटच्या आतला.

संध्या. घरी ताईला सांगितले. आमच्या नगरकडे मिशनरी म्हणजे गोरा साहेब, त्याचा दवाखाना, त्याची शाळा. ताई पोळ्या लाटत होती, लाटणे थांबवून हसली. "शमू, तू मिशनरी? नववीला दोनदा बसलास तू." दाजी हसले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला.

सोमवार, १२ फेब्रु.
स्टोअरमध्ये माल मोजणी. अल कुसैसला सकाळपासून धूळ. गॅस्केटचे खोके चुकीच्या फळीवर होते, सगळे उतरवून परत लावले.

जेवणानंतर दाजींनी पेपरची घडी घातली आणि बोलले. रागावून नाही, रागावले असते तर बरे. म्हणाले, तू तिकडे जाऊ लागून पाच महिने झाले, गप्प बसलो. व्हिसा मी काढून दिला, तुझ्या आईला शब्द मी दिला. आपली तिसरी पिढी मंडळीत आहे. मराठी उपासनेला लोक विचारतात, मेहुणा कुठे? मी म्हणतो, ओव्हरटाइम.

"ईस्टरला तू आमच्याबरोबर बाकावर बसलेला दिसला पाहिजेस. नाहीतर स्वतःसाठी बेडस्पेस बघ, कुठेतरी भाड्याची खाट."

ताई आत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता, म्हणजे ऐकत होती.

ईस्टर एप्रिलच्या मध्यावर.

शुक्रवार, १६ फेब्रु.
पाहुणे तीन. एक श्रीलंकन नर्स, तिने मरियेची तसबीर कुठे आहे विचारले. नाही म्हणालो. का नाही, हे तिने विचारले नाही म्हणून सांगितले नाही. उम्म अल कुवैनहून एक केरळी वेल्डर आला, दोन टॅक्सी बदलून. त्याने चपला बाहेर काढल्या आणि मग आत सगळ्यांच्या पायांत बूट बघून बिचारा पाय खुर्चीखाली लपवू लागला. मी बाहेर जाऊन त्याच्या चपला आणून दिल्या. पुढच्या वेळेपासून दारातच सांगायचे: बूट-चपला राहू द्या.

तिसरा, सिंधी सेल्समन. लोन मिळते का, हे विचारायला आला होता. प्रार्थना होईपर्यंत बसला मात्र.

माझी इंग्रजी वाक्ये पाठ आहेत. प्रश्न उलटा आला की ब्र. (ब्रदर) रामोनकडे बघतो. ते फिलिपिनो, आमच्या डिलिव्हरी व्हॅनवर आहेत. मला पहिल्यांदा इथे आणले ते त्यांनीच, म्हणजे मी विचारले तेव्हा.

सोमवार, १९ फेब्रु.
ताईने सकाळी चार कप मांडले, सवयीने. मग एक परत फळीवर ठेवला. बाप्तिस्मा घेतल्यापासून चहा बंद, कॉफी बंद, आमच्यात चालत नाही. मला कोमट दूध. रोज तो चौथा कप ती काढते आणि ठेवते. रीना (भाची, सात वर्षे) म्हणाली, "ममा, ही डझन्ट ड्रिंक टी, यू नो." ताई म्हणाली, "माहितीये. माझ्या हातचा पीत नाही तो."

तसे नाही, असे म्हणायचे होते. डबा घेऊन निघालो.

बुधवार, २१ फेब्रु.
ब्र. रामोनच्या ओळखीने बेडस्पेस बघितली. एका खोलीत सहा जण. सगळे चांगले लोक. वरची खाट. ठरवतो म्हणालो.

शुक्रवार, २३ फेब्रु.
आज काळेकाकू. आमच्याच बिल्डिंगमधल्या, दुसरा मजला, पुण्याच्या. मुलीच्या मैत्रिणीची आई आमच्यात आहे, तिला स्वतःच विचारून तिच्याबरोबर आल्या. मला दारात बघून म्हणाल्या, "अरे, तू तर वरच्या मार्थाचा भाऊ."

शेजारी बसलो. सगळे हळू आवाजात मराठीत सांगत गेलो, त्या विचारत गेल्या. फार बरे वाटले. मराठीत मला शब्द शोधावे लागत नाहीत.

प्रभुभोजनाच्या भाकरीचा ट्रे येण्याआधी सांगितले, घ्या किंवा पुढे द्या, दोन्ही चालते. त्यांनी उजव्या हाताने तुकडा घेतला, डोळ्यांना लावला, अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात गुंडाळला. "ह्यांच्यासाठी. प्रसाद ना?"

आमच्यात तो घरी नेत नाहीत. पण त्यांनी मला विचारले होते की नुसते म्हटले होते, हे ठरवेपर्यंत रुमाल पर्समध्ये गेला होता. घरी येऊन विचार केला. काकांनी हात धुऊन, नमस्कार करून खाल्ला असेल. आमच्यातले काही जण तो घेताना घड्याळ बघतात.

सोमवार, २६ फेब्रु.
वाईट दिवस.

काळेकाकू खालच्या ग्रोसरीत ताईला भेटल्या. माझे खूप कौतुक केले. किती शांत मुलगा, दारात उभा असतो, हाताला धरून बसवतो, एकेक गोष्ट समजावून सांगतो. मी कामावरून आलो तेव्हा ताई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता बोलली.

"काळेबाईंना हाताला धरून बसवतोस. केरळ्यांना, फिलिपिन्यांना बसवतोस. मला कधी एका शब्दाने विचारलंस, ताई येतेस का म्हणून?"

मी म्हणालो, बोलावायचे नाही असा नियम आहे.

"मी कोण? मी रस्त्यावरची आहे?"

मग म्हणाली, की तिला वाटत होते मला तिची लाज वाटते. तिला इंग्रजी येत नाही म्हणून. साहेब लोकांत कुठे न्यायची हिला, म्हणून. पाच महिने हे मनात धरून रोज डबा भरत होती.

मला लाज वाटत नव्हती. मी नियम पाळत होतो. पण तिच्यापुढे उभा राहून ते वाक्य मलाच पटेना. 

बुधवार, २८ फेब्रु.
दुपारच्या सुट्टीत अध्यक्षसाहेबांना ऑफिसच्या फोनवरून फोन. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. ते सावकाश, माझ्यासाठी सोपे करून बोलले. तो नियम परक्यांसाठी आहे. सख्ख्या बहिणीला जेवायला बोलावतोस तसे बोलाव, आली तर आली. तुला हे नीट सांगायला हवे होते, चूक माझी.

चूक त्यांची नाही. मी दोनदा विचारले होते, पण दोन्ही वेळा नियमच विचारला. ताईचे नाव काढले नव्हते.

शुक्रवार, २ मार्च
महिन्याचा पहिला शुक्रवार, आमचा उपास. ताईने उपमा केला होता. आज खाणार नाही म्हणालो, आणि या वेळी का ते सांगितले. ती म्हणाली, लेंटमध्ये, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, ती पण धरते की, आधी सांगितले असते तर मुद्दाम केला नसता. मग माझ्यासमोर स्वतःही खाल्ला नाही. दाजींनी आणि रीनाने खाल्ला.

तेव्हाच विचारायला हवे होते. दाजी समोर होते. यल्ला, चला, उशीर होतो म्हणून निघालो.

पाहुणे शून्य. दोन तास गेटपाशी उभा.

मंगळवार, ६ मार्च
ईदची सुट्टी. दाजी झोपलेले. ताई कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होतो. विचारले. पाठ केलेले एकही वाक्य आठवले नाही. म्हणालो, "ताई, शुक्रवारी येशील का माझ्याबरोबर? बघायला."

ती म्हणाली, "दाजींना आवडणार नाही." दोन शर्ट घातले. मग, "किती वाजता असतं?"

नऊला, म्हणालो.

शुक्रवार, ९ मार्च
आली. दाजी मराठी उपासनेच्या गायनाच्या सरावाला गेले होते. निळी साडी, लग्नात नेसते ती. रीनालाही घेतले.

गेटपाशी मी काय करायचे तेच सुचेना. दर शुक्रवारी परक्यांना हात पुढे करतो, ताईला कसा करणार? ब्र. रामोननी केला. म्हणाले, "वेलकम, सिस्टर." ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात का रे?" हो म्हणालो. "बरं."

शेजारी बसलो. अर्थ सांगत होतो, पण आज मराठीतही शब्द शोधावे लागत होते. शेवटी तिने हातावर हात ठेवला, राहू दे, कळतंय. खरेच कळत असावे. प्रार्थनेला प्रार्थना असल्याचे भाषेवाचून कळते.

भाकरीचा ट्रे आला. घ्या किंवा पुढे द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. तिला सांगायचे राहिले. तिने घेतली. मग छोट्या पेल्यांतले पाणी आले. थांबली. "द्राक्षरस नाही?" कुजबुजली. आमच्यात पाणीच, म्हणालो. ट्रे दोन्ही हातांत धरून बघत राहिली, पलीकडचा माणूस वाट बघत होता. मग न घेता पुढे दिला.

टॅक्सीत अल कुसैसपर्यंत एकदाच म्हणाली, "गाणी फार हळू म्हणता तुम्ही लोक. दाजी असते तर उठून गेले असते."

दाजी घरी पोहोचले होते. दार उघडले, साडीकडे बघितले. ताई काही बोलायच्या आत रीना म्हणाली, "पपा, वी वेंट टू मामाज चर्च." दाजींनी विचारले, काय दिलं तिथे? "जस्ट ब्रेड अँड वॉटर."

दाजी म्हणाले, "तुरुंगात देतात तसं."

ताई हसली. खूप हसली, खुर्चीवर बसावे लागले तिला. दाजी थोडे हसले, मग थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ईस्टरचं मी विसरलेलो नाही. मी हो म्हणालो. ताई चहा ठेवायला आत गेली. किती कप काढले ते मी बघितले नाही.

बेडस्पेसवाल्याला उद्या उत्तर द्यायचे आहे. काय देऊ?

खर्च: टॅक्सी जाताना २२ दिरहम, मी दिले. येताना २२ दि. (पावणेतीनशे रुपये), ताईने दिले, माझ्याकडे सुटे नव्हते. आता देतो म्हटले तर म्हणाली, "राहू दे. ईस्टर झाल्यावर दे."
देणे: ताई, २२ दि., ईस्टरनंतर.