उघड्या डोळ्यांचा बुद्ध

९ ऑक्टोबर, गुरुवार. जर्सी सिटी

नागोयाला जायचं नक्की झालं. चार दिवस क्लायंटकडे टेस्टिंग, मग शनिवार मोकळा. टीममधले बाकीचे शुक्रवारीच परत निघणार. मी एक दिवस वाढवून घेतला. एकटीचा! बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आईला सांगितलं. म्हणे, "जपानले चालली तर बुद्ध आण. पण डोळे मिटलेला नको. इथल्या दुकानांत सगळे झोपलेलेच दिसतात मले. आपला पाहिजे. उघड्या डोळ्यांचा. लोकांकडे पाहणारा."

बरोबर आहे तिचं. संध्याकाळी सहाचं वंदन खिडकीपाशी, फोनवरच्या फोटोसमोर चालतं. मध्येच स्क्रीन काळी झाली की माझ्या खोलीत ऐकू येतं, "गेले भगवान."

खरं म्हणजे मूर्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त हवी आहे. तिचं परतीचं तिकीट २ नोव्हेंबरचं. ग्रीन कार्ड आहे, खुशाल राहू शकते. पण एकच पालुपद, "इथं माझं काय आहे?" यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीला जाता आलं नाही, तेही मनात धरून बसली आहे. तिचा एक कोपरा नीट मांडून दिला, मूर्ती आली, तर कदाचित राहील. नागपूरच्या घरात एकटी राहायची तिची अवस्था नाही आता. हे तिला कोण सांगणार? मीच. आणि माझी हिंमत होत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. नागोया

काम काम काम. इथले लोक फोनवर बोलतानाही कमरेत वाकतात, समोर कोणी नसताना! आज आईशी बोलताना मीपण वाकले. सवय लागली बहुतेक. शेजारच्या काकू रोज तिच्याकडे डोकावतायत. "त्यांचं काय, येतात अन् सिरीयलचं सांगत बसतात," इति आई.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ, कॉफीच्या दुकानात

फजिती नं. १. कॉफी मागवली तर सोबत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं आलं. मी म्हटलं, हे माझं नाही. वेट्रेसने परत ठेवलं. मी परत सरकवलं. ती घाबरली, मी घाबरले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आपली बशी उचलून दाखवली. टोस्ट, अंडं. मग बोट फिरवून सगळी टेबलं दाखवली. इथे सकाळी कॉफीबरोबर हे येतंच म्हणे! काय शहर आहे.

टोस्टवर लालसर काहीतरी थापलेलं. चाखलं तर चक्क पुरण. वेलची-जायफळ नाही, डाळ वेगळी, पण पुरणच. वर लोणी. दोन्ही टोस्ट संपवले.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ.

"काऊन गं, एकटीच बसून राहिली?"

"हो. मस्त वाटतंय."

"एकटीनं खायले मजा येते तुले?"

म्हटलं, येते की. खरंच येत होती. ती "बरं" म्हणाली, आणि बुद्धाचं विसरू नको.

दुपार. ओसू

मोठं लाल देऊळ, पायऱ्यांवर कबुतरं. महिन्याच्या अठरा आणि अठ्ठावीसला आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. नशीब बघा माझं.

आधी पोटपूजा. पट्टीसारख्या रुंद नूडल्स, वर माशाचे पातळ काप. वाफेने ते काप हलायला लागले आणि मी चॉपस्टिक्स खाली टाकल्या. जिवंत आहे की काय! काउंटरवरचा बाबा हसला. रस्सा झकास.

मग खरेदी. आईला अंगठा वेगळा असलेले मोजे, चार जोड. थंडीत ती मोज्यांवर चप्पल घालायला बघते आणि चिडते. हे मोजे म्हणजे तिच्याचसाठी विणलेत. काकूंना एक पंखा. मला एक नेलकटर. सांगितलं तर हसतील लोक, पण इथली नेलकटरं बघण्यासारखी असतात, अर्धा तास तिथेच गेला.

बुद्ध मात्र नाही. दुकानांत शेकड्यांनी, सगळ्यांच्या पापण्या खाली. एकाचे डोळे टक्क उघडे दिसले म्हणून धावले, तर तो कुणी द्वारपाल. दात बाहेर, हातात तलवार. हा आईकडे बघेल खरा, पण भांडायला.

संध्याकाळ, हॉटेल

मिळाला. नीट लिहून ठेवते.

बाजार आवरत आला होता. शेवटच्या स्टॉलवर सत्तरीची एक बाई, चादरीवर भांडी, बाहुल्या, आणि वीतभर लाकडी बुद्ध. सोनेरी रंग जागोजागी उडालेला. ती म्हणाली, "शाका." म्हणजे शाक्यमुनी. आपलाच! पण डोळे अर्धे मिटलेले. मी फोनच्या भाषांतरात बोलले, सुंदर आहे, पण मला उघड्या डोळ्यांचा हवा, माझ्या आईसाठी.

तिने फोन वाचला. मग मूर्ती उचलून कपाटाएवढ्या ट्रंकेवर ठेवली आणि मला खांद्याला धरून खाली चादरीवर बसवलं. अक्षरशः दाबून! मांडी घातली, वर पाहिलं.

माझ्याकडे बघत होता. सरळ. पापण्यांखालून दोन लख्ख डोळे, आत काच बसवलेली. उभी राहिले की झोपलेला, बसले की जागा. तीन वेळा उठून-बसून पाहिलं, बाई टाळ्या वाजवत होती.

मूर्ती कुणाच्या तरी घरची, बाईने फोनवरच सांगितलं. म्हातारा-म्हातारी गेली, मुलांकडे जागा नाही. घरातून हलवण्याआधी भिक्षूला बोलावून मूर्तीचे "डोळे मिटवून" घेतात म्हणे, नव्या घरी परत उघडायचे. आपल्यात असले विधी चालत नाहीत, आई ऐकून घेणार नाही. मी मान डोलावून पैसे दिले. वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. इतकी खूश मी वर्षभरात झाले नसेन.

१९ ऑक्टोबर, रविवार. जर्सी सिटी

आईने कागद सोडला. उभ्यानेच पाहिलं. "मिटलेलेच आणले न तू."

"थांब. खाली बस आणि वर बघ."

ती बघतच राहिली. मूर्तीकडे नाही, माझ्याकडे. "खाली? मले जमिनीवर बसता येते का आता?"

गुडघे. मार्चमध्ये आली तेव्हापासून ती खाली बसलेली नाही. वंदन खुर्चीवर बसून करते. सात महिने एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं! सहा वाजता मी कधी घरात असते? असले तरी हेडफोन लावून दुसऱ्या खोलीत. लाज वाटली. फार वाटली.

मोजे मात्र आवडले. लगेच घातले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मूर्ती वर चढवायचं ठरवलं. आई खुर्चीत, मी स्टुलावर. "वर. अजून वर. आता जास्त झालं, छताकडे पाहून राहिला तो." पुस्तकांच्या रॅकवर चालेना, मग त्यावर बुटांचा खोका, त्यावर तिची पांढरी ओढणी. खुर्ची दोन फूट मागे.

आईने वर पाहिलं. मग हात जोडले. "हा पाहते बाप्पा, पाहते. चांगला जागा आहे."

मला राहवलं नाही. विचारलं, "मग राहशील ना आता?"

हात तसेच जोडलेले, मान माझ्याकडे वळवली. "हा पाहते गं माझ्याकडे. तू कधी पाहते? मूर्ती नाही म्हणून चालली होती का मी? दिवसभर ह्या घरात मी कोणाशी बोलते, सांग बरं. तुले एकटीनं खायले मजा येते. मले नाही येत."

मी स्टुलावरच उभी. खरं होतं सगळं. रडू आलं, आणि तिने उठून गॅसवर चहा ठेवला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

साडेपाचला लॅपटॉप बंद केला. सहाला आईच्या खुर्चीशेजारी खाली बसले. त्रिशरण जमलं. पंचशीलाला तिसऱ्याशी अडले. आई थांबली, मी आठवेपर्यंत. आठवलं नाही, मग तिने सांगितलं. वरून तो दोघींकडे बघत होता, एकीकडे खुर्चीवर, एकीकडे जमिनीवर. कसं जमवतो कोण जाणे.

नंतर भाकरी, वांग्याची भाजी. एकत्र. आईने नागपूरच्या शाळेतल्या एका मुख्याध्यापिकेची गोष्ट सांगितली, ती तीस वर्षांत मला कधी सांगितली नव्हती. खूप हसलो.

ताटं उचलताना म्हणाली, "उद्यापण बसशील?"

म्हटलं, हो.

"पाहू," म्हणाली. तिकिटाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

आता मेल उघडली तर उद्या संध्याकाळी सहाची मीटिंग पडली आहे, नागोयावाल्यांसोबत, कंपल्सरी. डिक्लाइनवर बोट ठेवून बसले आहे.