सेहेचाळीस मीटर सुतळी आणि तुमची सही

इंदिरानगर, नाशिक
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप कारभारी दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोमनाथचा, राग आवरून केलेला साष्टांग नमस्कार. (राग आवरताना पाठ धरली आहे, तेव्हा नमस्कार कागदावरच मानून घ्यावा.)

अक्काचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर कशी आहे? ती थोडी वाढलेली असावी असे आज मला वाटते आहे, पण अक्का डोळे वटारेल म्हणून ते वाक्य खोडले असे समजा. फोनच केला असता. पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि पैठणी बघायला आलेल्या बायकाही आपल्या घरगुती चर्चेत मत देतात. म्हणून पत्र. तुमचे रेशीम घेऊन फारुखभाई थोड्याच वेळात गाडीने येवल्याला निघणार आहेत, त्यांच्या हाती देतो.

तर आपल्या शाळेत (आपल्या म्हणजे, जिथे मी सव्वीस वर्षे संस्कृत शिकवतो आणि जिच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही नऊ वर्षे आहात, पण जिची पायरी बहुधा दोनदाच चढलात, ती) निकिता गांगुर्डे नावाच्या विज्ञानाच्या मॅडम आहेत. वय अठ्ठावीस, नोकरी कंत्राटी, वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन घरी बसलेले. दहावीला उत्क्रांतीचा धडा आहे. सरकारी पुस्तकात छापलेला, परीक्षेत गुण असलेला. तो समजावा म्हणून प्रदर्शनात मॅडमनी कांद्याच्या गोण्या शिवायची सुतळी आणली, सेहेचाळीस मीटर. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे. मुख्याध्यापकांच्या दाराशी पृथ्वी जन्मली. दहा-अकरा मीटरवर पहिला जीव. मासे पार एक्केचाळिसाव्या मीटरला, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या वळणाशी. आणि माणूस? शेवटचे तीन मिलिमीटर. चिठ्ठी बांधायला जागाच उरेना, तेव्हा उजमा नावाच्या विद्यार्थिनीने टोकाला गाठ मारून तिला लाल शाई लावली. मी चष्मा पुसून ती गाठ पाहिली. युगे, मन्वंतरे, कल्प मुलांकडून पाठ करून घेणारा मी माणूस, कोटी हा शब्द माझ्या तोंडी सुपारीसारखा असतो. पण कोटी पायांनी चालून पाहिले ते त्या दिवशी.

आता सेहेचाळीस मीटर सरळ भिंत आपल्या शाळेत नाही. (ती बांधायचा ठराव तुमच्याच मंडळाने चार वेळा केला आहे.) त्यामुळे सुतळी व्हरांड्याला वळसा घालून जिन्याखाली संपली, आणि जिन्याखाली शाळेचा मारुती आहे. लाल गाठ त्याच्या कोनाड्याच्या खिळ्याला अडकवली गेली. पालक संघाचे रविराज शेठ तिथून चालले होते. त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: मारुतीरायाला माकडांच्या दोरीला बांधले. शेठचे अंजनेरीच्या पायथ्याशी तीन प्लॉट आहेत, त्यामुळे मारुतीच्या जन्मस्थानाकडे ते घरचा विषय म्हणूनच पाहतात.

गुरुवारी बैठक झाली. मला शास्त्राधार सांगायला बोलावले. मी मॅडमना सोडवायच्या हेतूने गेलो, हे इथे ठळक लिहून ठेवतो. आणि तिथे मी (देव क्षमा करेल, मॅडमचे सांगता येत नाही) अक्कल पाजळली. म्हटले, यात धर्माचा अवमान कसला? आपले दशावतारच पाहा. आधी मत्स्य, पाण्यातला. मग कूर्म, पाण्यात आणि काठावर. मग वराह, जमिनीवरचा. मग नरसिंह, अर्धा पशू. मग वामन, ठेंगणा का होईना पण माणूस. मला वाटले, आता सगळे शांत होऊन चहा मागवतील. अध्यक्ष फकिरा अण्णांनी टेबलावर हात आपटला. "अहो सर, मग हे आपलंच निघालं की! ती सुतळी कशाला पाहिजे?" आणि शेठ म्हणाले, "घरात असताना बाहेरचं शिकवलं. म्हणजे डबल गुन्हा!" दाजी, मी आत जाताना बाईंवर एक आरोप होता. माझ्या विद्वत्तेने चार मिनिटांत दोन केले.

ठराव झाला. सुतळी उतरवावी, तिथे दशावतारांचा देखावा मांडावा. मॅडमनी सोमवारपर्यंत "प्राचीन विज्ञानाविषयीच्या अज्ञानामुळे चूक झाली" असे लिहून द्यावे, नाहीतर त्यांना पुढचा करार नाही.

तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. वराहाने पृथ्वी दातावर उचलली, ही गोष्ट माझ्या आजोबांनी मला शेतात बसून सांगितली तेव्हा अंगावर काटा आला होता. तिला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. आणि खरेच तो क्रम उत्क्रांतीचा मानला, तर परशुरामानंतर राम येतात, तेव्हा त्या दोघांत मासा आणि कासव यांच्यासारखे नाते आहे असे मला शिकवावे लागेल. मग शेठ माझाही फोटो टाकतील. देवाला प्रयोगशाळेत कामाला लावायचे आणि बाईंना घरी बसवायचे, याला हे लोक श्रद्धा म्हणतात!

बैठकीनंतर मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, तुम्ही मला वाचवायला आला होतात की वराहाला?" मी त्यांच्या वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. (सव्वीस वर्षांत प्रथमच मला एकही सुभाषित आठवले नाही.) या बाई दर शनिवारी पहिल्या घंटेआधी त्याच मारुतीपुढे दिवा लावतात, हे मंडळात कोणाला ठाऊक नाही, कारण मंडळ इतक्या सकाळी उठत नाही. मग त्याच म्हणाल्या, "ती गाठ मारुतीपाशी आली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढ्या लांबून चालत आलो आणि शेवटी देवापाशी टेकलो, असं. माझा देव नाही सर दुखावत तेवढ्यानं. पण माफी नाही लिहिणार मी. उद्या वर्गात त्याच पोरांपुढे उभं राहायचंय मला."

आता तुमच्याकडे वळतो. मंडळ सात जणांचे, ठरावाला चार हवेत. गुरुवारी खुर्चीवर तिघे होते, मी मोजले. वहीत सह्या मात्र चार. चौथी हिरव्या शाईची, शेपूट ओढलेली, तुमची! गुरुवारी त्याच वेळी अक्काने मला फोटो पाठवला होता, त्यात तुम्ही येवल्याच्या घरी शेवभाजी ओरपत होता. शाळेचा कारकून दिवाळीच्या फराळाबरोबर वही घेऊन येतो आणि तुम्ही वर्षभराच्या कोऱ्या पानांवर एका बैठकीत सह्या करता, ही तुमची पद्धत मला ठाऊक होती. मी त्यावर दरवर्षी हसतही होतो. यंदा त्या पानावर एका बाईची नोकरी लिहिली गेली.

अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. एरवी तुमचा लाडका,
सोमनाथ

ता. क. १. "गुरुवारच्या बैठकीस मी हजर नव्हतो" एवढी ओळ, तारीख घालून, सोमवारी सकाळी परत येणाऱ्या फारुखभाईंच्या हाती द्यावी. चारचे तीन होतील, ठराव पडेल. शाई कोणतीही चालेल.

ता. क. २. फकिरा अण्णा तुमचे व्याही होऊ घातले आहेत, हे मला माहीत आहे. पोरीचे लग्न एका ओळीने मोडत असेल तर ते आताच मोडलेले बरे. (हे अक्काला वाचून दाखवू नये.)

ता. क. ३. एक राहिले. ठरावाला "संस्कृत शिक्षकांचा अभिप्राय" जोडला आहे, म्हणजे माझेच ते दशावतारांचे बोलणे. त्याखाली माझी सही आहे. तुम्ही न वाचता केलीत. मी वाचून केली, आणि वर त्यातली शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त केली. अभिप्राय मागे घेतल्याचे पत्र कालपासून खिशात आहे. तुमची ओळ आली की देऊ, असा विचार होता. माझी नोकरी कायम आहे, मला कोणी हात लावू शकत नाही. खाली फारुखभाईंचा हॉर्न वाजतो आहे. त्यांना म्हणतो, गाडी शाळेवरून घ्या, पाच मिनिटे थांबा, ऑफिस अजून उघडे असेल.