भिंत म्हणजे नुसतं वजन

२ फेब्रुवारी, सकाळी ७
रिटायर होऊन महिना झाला. आता कन्सल्टन्सी. एकतीस वर्षं सरकारी बिल्डिंगांचे ड्रॉइंग तपासले, ते काय झोपा काढून? बोर्ड पंडरी बाजारात रंगवायला टाकला. ऑफिससाठी खालची मधली भिंत पाडून हॉल मोठा करणार. उद्घाटन नऊ तारखेला. माझ्या पोट्टीले, ज्ञानदाले, असिस्टंट ठेवीन. तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरच आहे, पण अनुभव कमी.

३ फेब्रुवारी
ज्ञानदा भांडली. हिंदीत. मराठी सगळी येते, पण माझं पटलं नाही की हिंदीच सुचते. म्हणे पापा, ती भिंत बीमला खालून टेका देऊन राहिली, भूकंपात कॉलमसंगं तीच झुंजते. पाडायची तर आधी लोखंडी बीम टाका. मी विचारलं, डिझाइनच्या हिशोबात विटांची भिंत कशात धरतात? वजनात. मग काढल्यावर घर हलकं होते का भारी? जिंकलो.

४ फेब्रुवारी
बायको प्रमोदिनी म्हणे, मले डिझाइन समजत नाही, पण त्या भिंतीच्या वर आपण झोपतो. बायकांले काहून एवढी भीती!

५ फेब्रुवारी
पाडली. बीमखालचा शेवटचा थर निघता निघेना. नरेश मिस्त्री म्हणे, भैया, विटा दबून बसल्या. म्हटलं, जुनं काम आहे, मजबूत असते. हॉल झकास.

७ फेब्रुवारी
बीमवर भेग. बारीक. प्लास्टरची असेल. वरच्या बेडरूमचं दार घासते. लाकूड फुगलं. महिनाभर पाण्याचा थेंब नाही, तरी फुगलं.

८ फेब्रुवारी
दार खांद्यानं उघडलं. या वयात व्यायाम पाहिजेच.

९ फेब्रुवारी, सकाळी ९
नवा सदरा घालायला वर आलो, दार लावलं. आता उघडून नाही राहिलं.

९.४०
पहिला क्लायंट आला. यशवंतराव, अभनपुरात दुकान बांधायचं आहे. खिडकीतून नमस्कार केला. मीटिंगमध्ये आहे म्हटलं.

१०.३०
ज्ञानदा खाली बीमला लोखंडी टेकू लावून राहिली. यशवंतराव अंगणातून तिलेच सगळं विचारून राहिले. मी ओरडलो, असिस्टंट आहे माझी! कोणी वर पाहिलं नाही. प्रमोदिनी रडून राहिली. खरं लिहितो, मलेही भीती वाटली. पलंगावर पाय वर घेऊन बसलो. वजन कमी व्हावं म्हणून.

११.१५
खिडकीला शिडी लागली. ज्ञानदा चढून आली, हातात दोन फॉर्म, वर इंजिनिअर म्हणून तिचंच नाव. यशवंतरावांचा दोन नंबरचा, भरून झाला. एक नंबरचा कोरा. आज मराठीत बोलली. म्हणे, बाबा, आधी सही, मग खाली.
केली. क्लायंटच्या रकान्यात.