बटणावर चिकटवलेला कागद

ता. १४, मंगळवार
(तारीख सिस्टरनं घातली, वार मी सांगितला.)

माझ्या विसराळू नातीस,

तुला आणि बाळ बोकोबाला आजीचे पोटभर आशीर्वाद. उरले तर जावईबापूंनाही दे. मागच्या खेपेला छत्री विसरलीस, या खेपेला पोराच्या लसींचं कार्ड माझ्या उशाशी ठेवून गेलीस. नशीब, पोराला तरी बरोबर नेलंस!

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण दवाखान्याची फरशी अजून माझ्याच हातून पुसली जाते. पत्र नेहमीप्रमाणे सिस्टर लिहिताहेत, जेवणाच्या सुट्टीत. डबा थंड होतोय बिचारीचा.

तुझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं. तुमच्या गल्लीत डांग्या खोकल्याची साथ आहे, "पण आपल्या बाळाला टोचलंय, घोर नाही," असं लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. तेव्हापासून घोर मला लागलाय.

इकडे हवा बरी आहे. जिन्यातला दिवा दुरुस्त झाला. शेजारीण पुन्हा बोलू लागली, तिचं तिला लखलाभ. हवाही बरी आहे.

सिस्टर म्हणतात, "आजी, हवेचं दोनदा झालं. पुढे?"

पुढे असं. तू बाळाला घेऊन आलीस, त्याच्या आधीचा शनिवार. सिस्टरची आई आजारी, म्हणून त्या लवकर गेल्या. दवाखाना मी बंद केला. डॉक्टर जाताना म्हणाले होते, "आजी, दिवे-पंखे आठवणीनं बंद करा." मी काटकसरी बाई. दिसेल ते बटण खाली केलं. लसींच्या फ्रिजचंसुद्धा. त्यावर एक कागद चिकटवलाय. मला वाटलं, दवाखान्याची वेळ लिहिली असेल.

सोमवारी झाडताना फ्रिज मुका वाटला. दार उघडलं तर आत कोमट. बटण वर केलं आणि तोंड शिवून बसले. सिस्टर येईपर्यंत आतला थंडी मोजायचा काटा जागेवर आला होता. त्या दिवशी सात पोरांना टोचलं. सातवा बोकोबा. पाय तू धरलेस, खुळखुळा मी वाजवला.

गप्प का राहिले? त्या फ्रिजातला माल म्हणजे माझा दोन वर्षांचा पगार, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. ते खिशातून आधी पैसे भरतात, मग लस येते. माझ्या डोक्यात नोकरी तेवढी होती. पोरं नव्हती. तुझं पत्र ऐकलं आणि पोरं आली.

इथे सिस्टरचं पेन थांबलं. "आजी, खरं सांगताय?"

म्हटलं, "लिहा. खोटं असतं तर जरा रंगवून सांगितलं असतं."

त्या उठून आत डॉक्टरांना सांगायला गेल्या. आता परत येऊन लिहिताहेत. डॉक्टर बाहेर आले, पण ओरडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "आजी, बसा." मी फरशीवरच बसले गं. फ्रिज रिकामा करताहेत. त्या सोमवारपासून किती पोरांना टोचलं, ते वहीत बघताहेत. सात कधीच मागे पडली. घरोघर फोन चाललेत. सगळ्यांना पुन्हा टोचणार, फुकट. तुझा फोन नेहमीसारखा बंद.

सिस्टर म्हणतात, "कदाचित लस बिघडली नसेलही. पण कदाचितवर लेकरं सोडता येत नाहीत." कार्ड सोबत घातलंय. शेवटची ओळ त्यांनी लाल शाईनं खोडली आहे. पत्र हातात पडताच, चपला शोधत बसू नकोस, बोकोबाला उचल आणि तिथल्या डॉक्टरांकडे जा.

मला ठेवतील की काढतील, ठाऊक नाही. काढलं तर तुझं पत्र वाचून दाखवणारं कोणी नाही. म्हणून लिहू नकोस, डबा पाठव. पोर धडधाकट असेल आणि पुन्हा टोचून झालं असेल, तर गूळ. खोकला लागलाच असेल, तर मीठ. झाकण उघडलं की मला वाचता येईल.

तुझी अंगठेबहाद्दर आजी

गूळच पाठव गं.