शिवरात्रीची मुदत

उदगीर
२० एप्रिल २०१६

प्रिय शरणू,

तुझ्याकडे फोन आहे, तुझ्या आत्याकडेही आहे, मग अप्पाला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तू म्हणशील. फोनवर मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुझ्या आत्यानं, गुरम्मानं, मध्येच फोन ओढून घेऊन बस्त्याचं काढलं आणि दुसऱ्यांदा मी पाण्याचंच बोलून फोन ठेवला. मला सांगायचं आहे ते तू जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल, आणि म्हणूनच तुझ्या लग्नाबद्दलही. अक्षय तृतीयेला एकोणीस दिवस राहिलेत. पत्र एकटीनं वाच, आत्याला नंतर दाखव.

इकडचं पाण्याचं विचारू नकोस. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. आपल्याकडे नळ येऊन वीस दिवस झाले. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच, तरी तुझी अव्वा तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी घासते आणि ते पाणी पुन्हा बेलाच्या झाडाला घालते. दुकानात पितळेच्या घागरींवर धूळ बसली आहे. निळे प्लास्टिकचे ड्रम मात्र गाडीतून उतरायच्या आधीच संपतात. धंदा चांगला आहे, पण असा धंदा गोड लागत नाही. तुला नांदेडला आत्याकडे पाठवलं ते पाण्यामुळं, लग्नाच्या पंगती तिकडं ठेवल्या त्याही पाण्यामुळंच. आणि उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात पेढ्यांची भाषा करणारे सगळे आता तोंड मिटून टँकरच्या रांगेत उभे असतात.

त्या जिल्ह्याच्या भरवशावर तू तुझं गणित मांडलं होतंस. कचेऱ्या येतील, दाखले लागतील, पीकविम्याचे अर्ज ऑनलाइन भरून देणारं कुणीतरी लागेल. ‘अप्पा, दुकानाची रस्त्याकडची खिडकी मला द्या,’ म्हणालीस. मी हो-ना करत राहिलो तोवर तू हैदराबादहून कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊनही आलीस. तेव्हा मी अट घातली. शिवरात्रीपर्यंत हे यंत्र चालवून दाखव, खिडकी तुझी. नाही चाललं, तर कंधारच्या स्थळाला हो म्हणायचं. तू हसून ‘हाव’ म्हणालीस. इतका विश्वास होता तुझा स्वतःवर. आणि मला वाटलं, भांडीवाल्याची पोरगी कॉम्प्युटर काय बनवणार!

जानेवारीतल्या अवसेला येळवस झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू सगळं जोडलंस. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली. तुझी अव्वा तर साखर घेऊन धावली. मग तू विंडोज बसवायला घेतलंस आणि ते बासष्ट टक्क्यांवर अडकलं. दुसऱ्या दिवशी सतरावर. एकदा ऐंशीपर्यंत गेलं आणि पडदा निळा झाला. तू पेनड्राइव्ह बदललास, फाइल नव्यानं उतरवून आणलीस, हार्ड डिस्कची केबल बदललीस, डिस्क मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला लावून पाहिलीस. तिथं ती नीट चालली. काय बदललं आणि गाडी कुठं अडली, ते सगळं तू वहीत लिहीत होतीस. दर वेळी वेगळ्या जागी अडतंय म्हणजे फाइल खराब नाही, असं तू मला समजावून सांगायचीस. आणि मी काय करायचो? गिऱ्हाइकांसमोर विचारायचो, ‘काय बाई, आज किती मार्क पडले?’ लोक हसायचे. तूही हसायचीस, पण पुढं पुढं तू जेवताना बोलेनाशी झालीस, ते मला दिसत होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, ‘अप्पा, आता एक रॅमच राहिली हाय. लातूरला नेऊन तपासून आणते, दोन दिवस द्या.’ मी दिले नाहीत. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणून मोठा सत्यवादी झालो. कंधारच्या लोकांना मी आधीच निरोप दिला होता, हे तुला ठाऊक नव्हतं. ते आले त्या दिवशी तू कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकलीस, तांब्याभर पाण्यात हात-तोंड धुतलंस आणि साडी नेसून बाहेर आलीस. विरूपाक्ष मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच्या आईनं सून दुकानात बसलेली चालणार नाही म्हटलं, तेव्हा तू मान खाली घालून ‘बरं’ म्हणालीस. ते ‘बरं’ माझ्या कानातून जात नाही.

तू नांदेडला गेल्यावर चौथ्या दिवशी मी तो डबा विकायचं ठरवलं. कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सिद्धराम आहे ना, त्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडून ती लांबट हिरवी पट्टी, तुझी रॅम, उपसून काढली आणि उजेडात धरली. तिच्या सोनेरी दातांवर करडा थर बसला होता. ‘मालक, ह्याला राख कशी लागली?’ मी ताडकन म्हणालो, ‘राख न्हाई रे, भस्म हाय ते!’ म्हणालो आणि स्वतःच्या बोटांकडं बघत राहिलो. त्यानं शाळेतलं खोडरबर मागून घेतलं, दात घासले, खाचेतून कुंचला फिरवला, पट्टी परत बसवली. अव्वाचा चहा होऊन पिऊन होईतो सगळं शंभर टक्के झालं होतं. जाताना म्हणाला, ‘पोरीनं जोडणी लई चोख केली हाय, एक तार हिकडची तिकडं न्हाई.’

तुला माहीतच आहे, आपल्या घरात भस्म लावल्याशिवाय नव्या वस्तूला हात लागत नाही. तराजू असो, गल्ला असो, गाडीतून उतरलेला पहिला ड्रम असो. तू मला बजावलं होतंस की या वस्तूंना, खास करून सोनेरी कडांना, बोट लावू नका. त्या सकाळी, जोडणीच्या आधी, तू अंघोळीला गेलीस आणि मला राहवलं नाही. भस्म कालवलं आणि एकेका भागावर तीन बोटं ओढत गेलो. त्या पट्टीवर तीन बोटांना जागा नव्हती, म्हणून कडेनंच ओढली. तुझी चाहूल लागली तसं घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं सगळं पुसलं. तू रागावशील म्हणून पुसलं. देवाच्या भस्मानं कधी कुणाचं वाईट होतं का, असं मनाला सांगितलं. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच लावलं होतं गं.

इथवर चूक होती. पुढचं चूक नाही, पाप आहे. सिद्धरामनं यंत्र चालू केलं त्याला महिना होऊन गेला. त्याला मी कुणाला सांगू नकोस म्हणून दम दिला. तुझ्या अव्वालाही म्हणालो, ‘पोरगी मार्गी लागली हाय, आता उकरून काढू नको.’ ती चार दिवस माझं ताट पुढं सरकवून आत निघून जायची. खरं सांगू? तुझं यंत्र अडत होतं तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. पोरगी खिडकीत बसणार, चार लोक चार गोष्टी बोलणार, यातून सुटलो असं वाटत होतं. तू फोनवर विचारलंस, ‘विकला का हो कॉम्प्युटर?’ तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो. रोज सकाळी पूजा झाली की मी चादर काढतो, बटण दाबतो. ते मुकाट्यानं चालू होतं. थोडा वेळ बघत बसतो आणि बंद करतो.

परवा सोमवारी मी सकाळच्या बसनं कंधारला गेलो. विरूपाक्ष आणि त्याचे आई-वडील तिघांसमोर हे सगळं सांगितलं. पोरीचा होकार मी फसवून घेतलाय, तिचं यंत्र तिनं नीट केलं होतं, माझ्यामुळं ती हरली. पत्रिका वाटायच्या थांबवा, असं हात जोडून म्हणालो. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. विरूपाक्षची आई उठून आत गेली. तो स्वतः खाली बघत बसला. त्याचे वडील एवढंच म्हणाले, ‘ते जाऊ द्या ईश्वरप्पा. मुलीचं काय म्हणणं हाय?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवीस वर्षं तुझ्या वतीनं मीच बोलत आलो. तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझ्या लग्नाची साडी, सगळं लोकांना मीच सांगत आलो. आणि या एका प्रश्नाला ‘तिलाच विचारतो’ म्हणालो. तसाच उठून बसस्टँडवर आलो. तेव्हा लग्न कर किंवा मोडून टाक, हे सांगायला मी हे लिहिलेलं नाही. काहीही ठरव, खिडकी तुझीच आहे, आणि लोकांचं जे काही ऐकायचं ते मी ऐकेन. तुला एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, तेवढ्यासाठी लिहिलं. शरणू, तुला काय पाहिजे?

तू जे कळवशील ते ऐकायला बसलेला,
तुझाच,
अप्पा