दहा नंबरचा पाना

आदरणीय दादांस,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत (हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं, पत्र वाचून झाल्यावर खोडून टाका). तुमची पाठ कशी आहे? परवाच्या रविवारी आमच्या गॅरेजमध्ये तुम्ही तीन तास वाकून उभे राहिलात, त्यामुळे विचारायलाही लाज वाटते. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. त्यांना सांगा, जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. तीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत मृत्यूच्या दाव्यांच्या फायली वाचल्या, त्यामुळे माणूस कशाकशाने जातो याची यादी मला तोंडपाठ आहे आणि जिना त्या यादीत फार वरती आहे. विमान त्याच्या कितीतरी खाली आहे, असं तुमची बहीण मला ऐकवते. अगं, जिने घरोघरी असतात आणि घरी बनवलेलं विमान आख्ख्या गावात आपल्याच घरी आहे, म्हणून ते खाली आहे, असं मी तिला परोपरीने सांगितलं. पण ऐकते कोण!

तर मुद्द्याची गोष्ट अशी की सोमवारी सकाळी उड्डाणाची परवानगी आली. दादा, गेली सात वर्षं मी एकाच गोष्टीवर निर्धास्त होतो, ती म्हणजे सरकारी कचेरी. विमानाचं अर्ध्याहून जास्त काम स्वतःच्या हाताने केलं याचा पुरावा म्हणून हिने नऊशे फोटो जोडले होते (त्यांतल्या बहुतेकांत मी आहे, पण फक्त कोपरापर्यंत). नकाशे, वजनाचे तक्ते, इंजिनाची चाचणी, सगळं मिळून फाइल एवढी जाड झाली की मी मनात म्हटलं, चला, पाच वर्षांची निश्चिंती. माझ्या पेन्शनच्या कागदावरचं एक आडनाव दुरुस्त करायला याच लोकांनी चार वर्षं घेतली होती. आणि हिला सतराव्या दिवशी उत्तर! वर अभिनंदन! आता बोला. तपासनीस आला होता तेव्हाच मला शंका यायला हवी होती. हातात बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन तो किडकिडीत माणूस दिवसभर विमानात डोकं खुपसून होता आणि मी त्याच्या मागे मागे. साहेब, इथे नीट बघा, साहेब, हा रिवेट मला तिरका वाटतो. त्याने तो रिवेट मोजला, उत्तम आहे म्हणाला, तीन कप चहा प्यायला आणि इतकं स्वच्छ काम आपण क्वचित पाहिलंय असं सांगून निघून गेला. मी ते तिन्ही कप विसळून ठेवले.

परवानगीत अटी आहेत, पण एकही माझ्या उपयोगाची नाही. पहिले तीस तास विमानात चालकाशिवाय कोणी बसायचं नाही. म्हणजे शेजारी बसून घाबरायलासुद्धा कायद्याने बंदी! शिवाय समोर ठळक अक्षरांत पाटी लावायची की हे विमान घरी बनवलेलं आहे, बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावं. ती पाटी मला चिकटवायला लावली. विमान चालवायचा परवाना हिने अठ्ठावन्नाव्या वर्षी काढला. मी अजून स्कूटरचा काढलेला नाही.

हिचा स्वभाव तुम्ही लहानपणापासून बघताय. त्यात वजनमापाच्या खात्यात नोकरीभर दुकानादुकानांतून फिरून काटे तपासलेले, त्यामुळे वजन हा हिचा श्वास. विमानात ग्रॅमचा हिशेब लागतो म्हटल्यावर तर बघायलाच नको. रंगाचा डबा रंग लावण्याआधी तोलायचा आणि लावल्यावरही. बसायची उशी, पाण्याची बाटली, माझ्या चपला (त्या का, हे मला अजून कळलेलं नाही). घरातून पत्र निघालं तरी ते आधी हिच्या काट्यावर जातं, मगच त्यावर तिकीट चढतं. आणि हत्यारांचा तो फळा तर तुम्ही पाहिलातच. प्रत्येक पाना, पक्कड, हातोडीची आकृती पांढऱ्या रंगाने रंगवलेली, त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. विमानात विसरलेलं हत्यार सरकत जाऊन दांड्यांमध्ये अडकलं की विमान वळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी फळा मोजायचा आणि वहीत सही करायची. सात वर्षांत हिने एकच संध्याकाळ मोजणी चुकवली, ती तुम्ही आलात त्या रविवारची. पंखाखालची शेवटची झाकणं बसवून झाली होती आणि तुमच्याशी गप्पा मारण्यात ही रमली.

सोमवारी संध्याकाळी मोजायला गेली तर फळ्यावर दहा नंबरच्या पान्याची आकृती मोकळी! दादा, मी तुमच्यावर आळ घेत नाही, देवाशपथ. पण रविवारी तो पाना तुमच्या हातात होता हे मी पाहिलं आहे. तुम्ही त्याने पाठ खाजवत होतात. नंतर तो कुठे ठेवलात? बॅगेत तर गेला नाही ना? कोटाचे खिसे बघा, बॅगेचं अस्तर फाटलेलं असेल तर त्यातही हात घाला. कारण पाना मिळेपर्यंत विमान जागचं हलणार नाही, असं हिने तिथल्या तिथे जाहीर केलं आहे.

तेव्हापासून घरात जे चाललंय ते मला बघवत नाही. झाकणं उघडून हात पोचेल तिथवर हिने चाचपून पाहिलं. मग मला पंखाचं टोक धरून हलवायला लावलं आणि स्वतः डॉक्टरांची नळी पत्र्याला लावून ऐकत बसली. मी छातीठोक सांगितलं की आत काही नाही. तर हिला खुळखुळ ऐकू आली! म्हणून आता येत्या सोमवारी ड्रिल घेऊन पंखाचा खालचा पत्रा उघडायचा बेत आहे. दोनशे साठ रिवेट. पत्रा परत लावताना एकेका रिवेटला बाहेरून हिने रिवेट ठोकायची बंदूक चालवायची आणि आतून मी लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दात खिळखिळे होईपर्यंत. तो पत्रा आम्ही दीड वर्षात लावला आहे. त्याला ड्रिल लागलेलं मला बघवणार नाही, आणि हिला उडताना तर त्याहून बघवणार नाही. चारही बाजूंनी माझीच पंचाईत. भूक मेली आहे.

तेव्हा कृपा करून शोधा. वहिनींना नमस्कार, कठड्याचं लक्षात ठेवायला सांगा.

तुमच्या बहिणीचा
ठोकळेवाला

ता. क. पाना याच पाकिटात आहे, पायमोज्यात गुंडाळलेला; वरचं सगळं हिच्या नजरेला पडलं तर असावं म्हणून तसं लिहिलं. सोमवारी दुपारी ही परवानगीचं पत्र दुसऱ्यांदा मोठ्याने वाचत होती, तेव्हा मी तो फळ्यावरून काढून खिशात घातला. का, ते तुम्हाला कळेल. आता एवढंच करा. शनिवारपर्यंत हिला फोन करा आणि पाना माझ्या बॅगेत सापडला म्हणून सांगा, म्हणजे पत्रा वाचेल. पण तो पाठवू नका. पाठ बरी झाली की स्वतः घेऊन येतो म्हणा, आणि पाठ महिनाअखेरपर्यंत बरी होऊ देऊ नका. तोवर पहिलं उड्डाण झालं नाही तर परवानगीची मुदत संपते (ही एक अट मी वर मुद्दामच लिहिली नाही). मग पुन्हा अर्ज, पुन्हा फाइल, आणि या खेपेला तरी कचेरी कचेरीसारखी वागेल.

ता. क. २. हे पाकीट मी स्वतः टपालात टाकतो आहे, काट्यावर जाऊ देत नाही. आणखी एक. पंखाला कान लावून झाल्यावर हिने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो. मी उघडून बघ म्हणालो. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

दादा, आता मी लिहिते आहे. यांचं वरचं सगळं वाचलं. पाकीट टाकायला हे स्वतःच निघाले होते, पण छत्री घेऊ की नको करत परत आत गेले आणि पाकीट चपलांच्या कपाटावर राहिलं. इतक्या कागदांचं पाकीट एकशे दहा ग्रॅम भरतं का कधी? वाफेवर उघडलं, आता पुन्हा चिकटवते आहे. तू फोन करू नकोस. ड्रिल मी चालवणार नाही, पण दोन दिवस टेबलावर काढून ठेवीन, कबूल करतात का बघायला. यांना सांगू नकोस, पण परवानगी आली तेव्हा मलाही भीती वाटली, म्हणूनच ती दोनदा मोठ्याने वाचली, आणि पाना हरवला तेव्हा मला हायसं वाटलं. पंखात खुळखुळ वगैरे काही नव्हती रे, मलाच ती ऐकायची होती. पण आता पाना सापडलाय. रविवारी सकाळी ये. पाना तसाच पाकिटात ठेवला आहे, तो बरोबर आण. मी धावपट्टीकडे निघाले की यांच्या हातात दे आणि मी उतरेपर्यंत काढून घेऊ नकोस. मी काम करत असताना काहीतरी घट्ट धरून उभं राहायची सात वर्षांची सवय आहे यांना, रिकाम्या हातांनी जमायचं नाही. फळ्यावर एक जागा मोकळी राहील, राहू दे. पाना कुठे आहे हे मला ठाऊक असेल.