समोरून बटणांचे सदरे

१२ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या शिवणाच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला तर ते कधी बोलून दाखवायचं नाही; कोट असा बेतायचा की आरशात दोन्ही खांदे सरळ दिसले पाहिजेत. त्या एका वाक्यावर मी जन्मभर पोट भरलं. आता माझाच खांदा बिघडला आहे, आणि विचारायला मास्तर उरले नाहीत. म्हणून तुला लिहिते.

हाताची झोळी निघाली. हाड जुळलं म्हणून डॉक्टरांनी फोटो दाखवला. मोडलं होतं तिथे आता नुसती एक रेघ आहे, मी कापडावर खडूने मारते तशी. पण उजवा हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत जातो आणि अडतो. पुढे गंजलेली बिजागरी. तुमच्या पंथातला एक माणूस मला दवाखान्यात छळतो. दारातून येताना त्याला वाकावं लागतं, म्हणून मी त्याला पहिलवान म्हणते. आधी शेक देतो, मग गोड गोड बोलत हात असा वर नेतो की ब्रह्मांड आठवतं.

बाकी माझी काळजी नको. कपडे घालायला, आवरायला कोणाची मदत लागत नाही. घरातलं सगळं माझं मी करते.

दुकानाचं मात्र ठरवलं. कोपर उचलल्याशिवाय मोठी कात्री चालत नाही, आणि वरच्या दांडीवर कोट टांगता येत नाही. शेजारचा कुलूपवाला जागा मागतोच आहे. मेअखेर देईन असं त्याला सांगितलं. तू रडारड करू नकोस. हात अडला तरी जीभ चालते, असं तुझे बाबाच म्हणतात.

लोभ आहेच, तो धुतल्यावर आटणाऱ्या कापडासारखा होऊ देऊ नकोस.
तुझी,
आई

---

२० फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. (कागदावरच, समोर असते तर नमस्काराआधी तुझा हात वर करून बघितला असता.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मुलगी म्हणून, एकदा फिजिओथेरपिस्ट म्हणून. मुलीला दुकानाचं वाईट वाटलं. दुसरीला मात्र एक गोष्ट जुळेना. तू सांगतेस तसा खांदा डोक्यावरून सदरा चढवू शकत नाही. मग मदत कशी लागत नाही? तू बरी आहेस म्हणून मी खूश व्हायला हवं, पण या धंद्याने मला संशयी करून ठेवलं आहे.

हाडाचं काही राहिलेलं नाही. हात इतके आठवडे छातीशी बांधून होता, म्हणून सांध्याभोवतीचं अस्तर आखडलं आहे. आखडलेलं सैल होतं, पण त्याला रोज वापरावं लागतं. आपल्या माणसावर आपण उपचार करू नयेत असं आम्हाला शिकवतात. आधी ते मला कोरडं वाटायचं. आता कळतं, तुझ्या तोंडून 'आई गं' ऐकलं असतं तर मी हात तिथेच सोडला असता. पहिलवान सोडत नाही, हे बरं आहे.

दुकानाची घाई करू नकोस. खरं काय ते कळव.

तुझ्या टाकेदार प्रेमाची वाटेकरी,
टाचणी

---

२७ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईने मला शपथ घातलेली नाही, म्हणून लिहितो. तिला दाखवू नकोस.

हात झोळीत असतानाच तिने डाव्या हाताने आपले सगळे सदरे समोरून चिरले, बगला सैल केल्या आणि बटणं लावली. काम इतकं बेमालूम, की रस्त्यात बायका थांबवून ही कोणती नवी तऱ्हा म्हणून विचारतात. दोघींनी तसेच शिवायला टाकले आहेत. केस विंचरता येईनात तर तिने ते आखूड केले. मी भाबडा. मला तिचं कौतुक वाटलं, म्हणून मीही कपबशा, डबे, कपड्यांची दोरी सगळं खाली आणून ठेवलं. आता या घरात छातीच्या वर फक्त दिवे आहेत आणि मी.

पहिलवान तिला विचारतो, घरी हात वापरता ना. ती मान वर करून सांगते, सगळं माझं मी करते. त्यात खोटं काय आहे? पण काल दुकान बंद केल्यावर ती रिकाम्या दांडीकडे बघत उभी होती, ते मला बघवलं नाही.

तुझा फितूर बाप,
बाबा

---

५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांवर रागावू नकोस. त्यांनी मला सदऱ्यांचं कळवलं. एका हाताने, तेही डाव्या, एवढं काम केलेलं ऐकून ऊर भरून आला. आणि लगेच कपाळावर हात मारला.

मास्तरांचं म्हणणं गिऱ्हाइकाच्या जन्मजात खांद्यासाठी खरं असेल. तुझा खांदा तात्पुरता अडला होता आणि तू त्याला कायमचे कपडे शिवलेस. तो आता त्यातच सुखाने राहील. त्याने वर जायचंच कशाला? पहिलवान अर्धा तास हात सोडवतो आणि उरलेला दिवस तुम्ही दोघं मिळून तो पुन्हा बांधता. असं करणारी तू एकटी नाहीस. गुडघा दुखतो म्हणून खालच्या मजल्यावर झोपायला आलेली माणसं पुढे जिनाच विसरतात. पण अडचण इतकी सुबक शिवणारी मी तुझ्याशिवाय पाहिली नाही.

सदरे शिवून बंद कर. डोक्यावरून घाल, आधी दुखरा हात बाहीत, मग डोकं. कपबशा वरच्या फळीवर जाऊ देत. ताण लागेल, तो लागू दे. थोड्या वेळाने ओसरला पाहिजे. झोप उडेल इतकं ठणकलं तर दातओठ खात बसू नकोस, पहिलवानाला सांग.

आणि कुलूपवाल्याला म्हणावं, थांब.

हट्टात तुझ्यावरच गेलेली,
टाचणी

---

१४ मार्च

चि. टाचणीस,
आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

तुझ्या बाबांशी मी अबोला धरला होता. तो मोडावा लागला. सदरे एका दुपारी शिवून बंद केले आणि दुसऱ्या सकाळी पहिल्याच सदऱ्यात अडकले. एक हात बाहीत, डोकं कापडात, पुढचं काही दिसेना. शेवटी हाक मारली. हे आले आणि दारात उभे राहून विचारतात, मुलीच्या पत्रात मदत करायला परवानगी आहे का ते आधी बघू. मी आतून जे बोलले ते लिहीत नाही.

त्यानंतर मी पलंगावर बसून रडले. दुखलं म्हणून नाही. मी आपण होऊन दुकान सोडलं तर ते मी सोडलेलं असतं. पण जिवाचं रान करूनही हात वर गेला नाही, तर ते माझ्याकडून हिसकावून घेतलेलं असेल. सोडणं मला जमलं असतं गं. हिसकावलेलं कसं सोसायचं, ते मला कोणी शिकवलं नाही.

सदरे घालते आहे. कपबशा वर गेल्या. एक फुटली.

आई

---

२१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हात पहिल्यासारखा होईल असं वचन मी देणार नाही. असं वचन देणाऱ्यापासून माणसांनी लांब राहावं. पण आता हिसकावून घेतलं जाणार नाही इतकं तुझ्या हातात आहे, असं मला मनापासून वाटतं. भीती मलाही वाटते. रोज कोणी तरी माझ्यासमोर पहिलं पाऊल टाकतं आणि माझाच श्वास अडकतो. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली नाही. होऊ नये असंही वाटतं.

एक कर. कात्री आणि कापड घेऊन दवाखान्यात जा आणि पहिलवानासमोर बेतून दाखव. तो एक खांदा बरा करतो आहे. त्या खांद्यामागे शिंपीण आहे हे त्याने पाहिलेलं नाही. मी त्याच्याशी फोनवर बोलले आहे. चांगला माणूस आहे, तुला जरा घाबरतो.

एका कपाचं दुःख करू नकोस.

टाचणी

---

१९ मे

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद, हात वर करून दिलेले आहेत, नीट घे.

कुलूपवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तो हिरमुसला, मग म्हणाला की त्याचा गुडघा कुरकुरतो, पहिलवान कसा आहे. कसाई आहे पण जा, म्हटलं.

तुझ्या सांगण्यावरून मी कात्री नेली. पहिलवानाने मला कापताना पाहिलं, मग शिवणटेबल किती उंच, दांडी किती वर, सगळं विचारलं आणि माझे व्यायामच बदलले. शेवटी म्हणाला, मला एक कोट शिवून हवा आहे. त्याच्या खांद्यांचं माप घ्यायचं म्हणजे शिडी हवी. मी म्हटलं, वाक. तो म्हणाला, वाकणार नाही, गिऱ्हाईक वाकत नसतं. लबाड! पहिल्या दिवशी टेप त्याच्या दंडापर्यंत पोचली. मी रोज जाऊन माप अर्धवट घ्यायची, तो रोज ताठ उभा राहायचा. परवा टेप खांद्यावर टेकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पाठीमागे अख्खा दवाखाना टाळ्या वाजवत होता. कुबड्यांवरची माणसंसुद्धा, एका हाताने मांडीवर.

काल त्याचा कोट कापला. मोठ्या कात्रीने, कोपर उचलून. कापड करकर वाजलं, तो आवाज मी विसरले होते. हात अजून पाठीमागे जात नाही. एप्रनची गाठ हे मारतात, आणि ती अशी मारतात की संध्याकाळी कापूनच सोडवावी लागते. चालेल.

पहिलवानाने मला विचारलं, न बघता, नुसत्या पत्रावरून तुमच्या मुलीने कसं ओळखलं? मी काय सांगणार? मी म्हटलं, ती माझी मुलगी आहे, मला ती अजून पूर्ण ठाऊक नाही. घरी आल्यावर तेच मनात राहिलं. माझ्याच घरात वाढलेलं माणूस रोज कोणाकोणाला उभं करतं, आणि मी ते एकदाही पाहिलं नाही. तू लहान असताना माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून असायचीस, तासन्‌तास. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण मी तुला कधी उठवलं नाही.

मला पुढच्या महिन्यात तुझ्याकडे यायचं आहे. एक दिवस मला तुझ्या कामाच्या खोलीत बसू दे. कोपऱ्यात स्टूल टाक, मी तोंडातून शब्द काढणार नाही. माणसं तुझ्यासमोर विव्हळतात, रडतात, ते परक्या बाईने बघायचं नसतं, नियम आहे, हे सगळं तू मला सांगशील. आणि तू नाही म्हणशील, हेही ठाऊक आहे. तरी विचारते: बसू देशील?

तुझी,
आई